पंक म्हणजे काय रे भाऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंकवर मराठीत लिहायला लागल्यापासून काही प्रश्न ठरावीक अंतराने येतच असतात. काही उत्सुकतेपोटी, काही भांडण उकरायला आणि बरेचसे काळजीत पडलेल्या आई-वडिलांकडून. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळी इथे एकत्र ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पंक म्हणजे नक्की काय? गाणी, कपडे की राजकारण?

सुरुवात गाण्यांनी झाली, कपड्यांमुळे ते पेपरात गेलं, आणि पन्नास वर्षं टिकलं ते एका सवयीमुळे. कुणाच्या परवानगीची, ओळखीची किंवा पैशाची वाट बघत बसायचं नाही, हाताशी जे आहे त्यात काम उरकायचं, ही ती सवय. हॉल मिळत नसेल तर तळघरात वाजवायचं. रेकॉर्ड काढायला कोणी तयार नसेल तर उधार-उसनवारी करून आपणच काढायची. आपल्याबद्दल कोणी छापत नसेल तर आपणच छापायचं. राजकारण बहुतेक ठिकाणी यातूनच आलं, कारण परवानगी न घेता काही करायला गेलं की कुणीतरी आडवं येतंच. कोण आडवं येतं यावर त्या देशातलं पंक कसं दिसेल ते ठरतं (पाहा प्रश्न १० ते १२).

शब्द म्हणाल तर इंग्रजीत तो शिवीच्या शेजारचा. फडतूस, उनाड, टपोरी असा काहीसा. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ‘क्रीम’ मासिकाने तो एका प्रकारच्या रॉकसाठी वापरला. जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही पोरांनी ‘पंक’ याच नावाचं मासिक काढलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

२. सुरुवात कुठे झाली, न्यूयॉर्कला की लंडनला?

न्यूयॉर्कला आधी, लंडनला जास्त आरडाओरडा करून.

न्यूयॉर्कच्या बावरी या तेव्हाच्या कळकट रस्त्यावर डिसेंबर १९७३ मध्ये हिली क्रिस्टल यांनी सीबीजीबी हा बार उघडला. नावातली चार अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज यांची, कारण मालकाला तीच गाणी ठेवायची होती. आलं भलतंच. क्रिस्टल यांची अट मात्र कामी आली: बँडने दुसऱ्यांची गाणी वाजवायची नाहीत, स्वतःची आणायची. १९७४ मध्ये क्वीन्समधल्या चार पोरांचा रामोन्स तिथे वाजवू लागला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाहीत.

लंडनमध्ये सेक्स पिस्टल्सचा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ ला एका आर्ट कॉलेजात झाला. रामोन्स लंडनला आले जुलै १९७६ मध्ये. त्यामुळे ‘रामोन्सला ऐकून इंग्लंडमध्ये पंक सुरू झालं’ हे अर्धंच खरं. मग १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी, घराघरांत चहा-नाश्ता चालू असताना, टीव्हीवरच्या थेट मुलाखतीत पिस्टल्सनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी देशभर बोंब झाली आणि ठरलेले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. १९७७ मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर आलेल्या त्यांच्या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली, तरी ते अधिकृत यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. जानेवारी १९७८ मध्ये बँड फुटला. उणीपुरी सव्वादोन वर्षं! त्यावर लोक अजून भांडतात.

पेरूची राजधानी लिमा इथे मात्र या दोन्ही शहरांना हसतात. तिथल्या लोस सायकोस या बँडने १९६५ मध्ये रेल्वे स्टेशन पाडून टाकू या अर्थाचं एक गाणं किंचाळत म्हटलं होतं. ते आज ऐकलं तर तारीख सांगूनही खरी वाटत नाही. लिन्से भागात, जिथे ती पोरं जमायची, तिथे ‘पंकचा जन्म इथे झाला’ अशी पाटी लावली आहे. माझं मत विचाराल तर पाटीचा दावा जरा ताणलेला आहे, कारण त्यांचं ऐकून न्यूयॉर्कला कोणी काही सुरू केलं नाही. पण पाटी आवडते.

३. वाजवता येत नसलं तरी चालतं म्हणे. खरं का?

चालतं. सक्ती नाही.

तीन कॉर्ड्स काढून ‘हे घ्या, आता बँड काढा’ असं सांगणारं एक हाताने काढलेलं चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते ‘स्निफिन ग्लू’ या झाइनमधलं म्हणून सगळीकडे फिरतं. प्रत्यक्षात ते ‘साइडबर्न्स’ नावाच्या दुसऱ्या झाइनमध्ये आलं होतं. (झाइन म्हणजे काय ते प्रश्न ९ मध्ये.)

त्या चित्राहून मला मँचेस्टरच्या बझकॉक्सचं उदाहरण जास्त भिडतं. मित्रांकडून, घरच्यांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन त्यांनी चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच हजार प्रती काढल्या. कुठलं गाणं कितव्या टेकला जमलं तेही कव्हरवर छापून टाकलं. स्वयंपाकघराचं दार उघडं टाकावं तसं. वाचणाऱ्याला कळलं की यात जादू काही नाही, आपल्यालाही जमेल. आणि ते बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या शहरात, लंडनमध्ये झालं नाही, याला महत्त्व आहे.

उलट वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स आधी जॅझ फ्यूजन वाजवायचे. त्यांचा हात इतका तयार होता की त्या वेगात एक ठोका इकडचा तिकडे होत नसे.

४. सेफ्टी पिना, उभे केस, फाटके कपडे. याला काही अर्थ आहे का?

आपल्याकडे प्रत्येक बाईच्या मंगळसूत्रात नाहीतर बांगडीत दोन पिना अडकवलेल्या असतात, त्यामुळे सेफ्टी पिनेचं कौतुक मराठी माणसाला जरा कमीच वाटतं. अर्थ साधा आहे: फाटलेलं लपवायचं नाही, जोडलेलं दिसू द्यायचं. लंडनच्या किंग्ज रोडवरच्या ४३० क्रमांकाच्या दुकानात व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅकलॅरन यांनी हेच महागात विकलं, ही गंमत पहिल्या दिवसापासूनची आहे. डॉक मार्टेन्सचे बूट मुळात कामगारांचे. केसांचे भाले उभे करायला साबण, साखरेचं पाणी, अंड्यातलं पांढरं असं घरातलंच काहीतरी लावत. पावसात त्याचं काय होतं याची कल्पना करा.

कपडे साधे असतील तर पंक नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. वॉशिंग्टनच्या फुगाझीला तुम्ही रस्त्यात ओळखलं नसतं. बिनइस्त्रीचा टी-शर्ट, बस्स. तिकीट बहुधा पाच डॉलरच्या वर जाऊ देत नसत.

५. हाताच्या पाठीवर काळी फुली मारलेले पंक दिसतात. ती कसली?

आपल्या भाषेत सांगायचं तर माळ घातल्याची खूण. दारू नाही, सिगारेट नाही, नशा नाही, आणि पुढे पुढे अनेकांचं मांसही नाही. याला स्ट्रेट एज म्हणतात.

फुलीची गोष्ट अशी. १९८० मध्ये वॉशिंग्टनची टीन आयडल्स ही शाळकरी वयाची पोरं वाजवायला सॅन फ्रान्सिस्कोला गेली. क्लबात दारू मिळायची, पोरं अल्पवयीन. मग दारवानाने हातावर काळ्या मार्करने फुल्या मारल्या, म्हणजे बारवाल्याने ओळखावं आणि यांना दारू देऊ नये. पोरांनी ती युक्ती घरी आणली: आम्हाला गाणी ऐकू द्या, हवं तर फुली मारा. नामुष्कीची खूण होती ती थोड्याच दिवसांत मिरवायची झाली. त्यांच्यातल्याच इयन मॅकाय यांच्या पुढच्या बँडने, मायनर थ्रेटने, १९८१ मध्ये यावर गाणं केलं. एक मिनिटाचंही नाही. मला संप्रदाय काढायचा नव्हता, असं ते तेव्हापासून सांगत आले आहेत. संप्रदाय निघायचा तो निघालाच.

६. मग कृष्णभक्त पंक असतात हे खरं की कुणी थापा मारतंय?

खरं आहे, आणि रस्ता प्रश्न ५ मधूनच जातो. न्यूयॉर्कच्या हार्डकोर (पंकचाच आणखी वेगवान, कर्कश प्रकार) मंडळींमधले काहीजण आधीच निर्व्यसनी, शाकाहारी झाले होते. तिथल्या हरे कृष्ण मंदिरात फुकट प्रसाद मिळायचा. एकातून दुसरं आलं. रे कॅपो यांनी १९९० च्या सुमारास शेल्टर हा बँड काढला, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गंध आणि हातात माइक. त्याला कृष्णाकोर असं नाव पडलं. एका वारकरी काकांना मी त्यांचा व्हिडिओ दाखवला. ते पूर्ण ऐकून म्हणाले, “ताल चुकतोय, पण भाव आहे.”

मुस्लिम घरांतल्या अमेरिकन मुलांचा असाच एक प्रवाह आहे, तक्वाकोर. बॉस्टनकडचा कोमिनाज हा त्यातला गाजलेला बँड. नाव आपल्या ‘कमीना’वरूनच.

७. हे सगळं गोऱ्या पोरांचं ना? आणि मुलींचं काय?

डेट्रॉइटच्या हॅकनी आडनावाच्या तीन कृष्णवर्णीय भावांनी १९७५ मध्ये ‘डेथ’ नावाने जे रेकॉर्ड केलं ते ऐका. कंपनीने नाव बदला म्हटलं, त्यांनी नकार दिला, रेकॉर्ड माळ्यावर पडली आणि २००९ मध्ये बाहेर आली. बॅड ब्रेन्सही कृष्णवर्णीयच. लंडनमध्ये एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरिन, सोमाली बापाची मुलगी, दाताला तारा लावलेली, कुठल्याच साच्यात न बसणारी. पहिल्या दिवसांत लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये वाजवायला पुरेशा पंक रेकॉर्डच नव्हत्या, तेव्हा डॉन लेट्स तिथे घरच्या रेगेच्या, म्हणजे जमैकन संगीताच्या, रेकॉर्ड लावायचे. पंक आणि रेगेची दोस्ती तिथली. १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर म्हणाल्या की लोकांना परकी संस्कृती आपल्याला बुडवून टाकेल अशी भीती वाटते. त्या ‘परक्या संस्कृती’वरून लंडनमधल्या पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी बँडचं नाव ठेवलं, एलियन कल्चर.

जोहान्सबर्गचा नॅशनल वेक (१९७९ ते १९८२) तर सोडूच नका. काळे-गोरे एकाच बँडमध्ये आणि एकाच घरात. तिथल्या तेव्हाच्या कायद्याने एकत्र राहणं हाच गुन्हा होता, गाण्यात आणखी काही म्हणायची गरज नव्हती.

मुलींबद्दल: स्लिट्सची गायिका बँडमध्ये आली तेव्हा चौदा वर्षांची होती. म्हणून सगळं आलबेल होतं असं नाही. कार्यक्रमात पुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या मुलांची आणि मुली मागे कोट सांभाळत उभ्या, हे चित्र वर्षानुवर्षं होतं. १९९१ च्या सुमारास ऑलिंपिया शहरातल्या मुलींनी रायट गर्ल नावाने झाइन, बैठका, बँड सुरू केले. बिकिनी किलची कॅथलीन हॅना गाणं थांबवून मुलांना मागे सरायला लावायची, मुलींना पुढे बोलवायची. लोकलमधल्या लेडीज डब्यावर ज्यांना वाद घालायचा असतो, त्यांना हेही खुपतं.

८. मॉश पिटमध्ये मार लागत नाही का? मला भीती वाटते.

(मॉश पिट म्हणजे मंचासमोर एकमेकांना ढकलत नाचणाऱ्यांचा घोळका.) लागतो. दहीहंडीच्या खालच्या थरात जितका लागतो तितका. पण नियम आहेत, कुठे लिहिलेले नसले तरी सगळ्यांना पाठ असलेले. कुणी पडलं तर जवळच्याने आधी त्याला उचलायचं. जो कडेला उभा आहे त्याला आत ओढायचं नाही. कोपरं खाली.

मुंबईत एका छोट्या जागी, पंखे बंद पडलेले, भिंतींना घाम सुटलेला, अशा कार्यक्रमात माझा चष्मा उडाला. मी हात वर केला, बोटांनी गोल करून डोळ्यांना लावले. शेजारच्या दाढीवाल्याने तीच खूण पुढे पाठवली, तिथून पुढच्याने. दहा सेकंदांत मधे रिकामं वर्तुळ झालं, चार मोबाइलचे टॉर्च जमिनीवर. ड्रमवाला वाजवतच होता. चष्मा मिळाला, एक काडी वाकलेली. दाढीवाल्याने तो माझ्या नाकावर बसवला आणि पुढच्याच क्षणी मला खांद्याने ढकललं.

९. झाइन म्हणजे आपलं लघुनियतकालिकच ना?

चुलत भाऊ म्हणा. झाइन म्हणजे एक-दोघांनी लिहिलेलं, कात्रणं चिकटवलेलं, झेरॉक्स काढून स्टेपल मारलेलं पत्रक-मासिक. लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने जुलै १९७६ मध्ये ‘स्निफिन ग्लू’ सुरू केलं, शीर्षकं मार्करने खरडलेली.

आपल्याकडे ‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’, ‘येरू’ ही त्याच्या कितीतरी आधीची. ‘शब्द’ तर सायक्लोस्टाइल करून निघायचं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आला नाही, पण राग एकच होता: प्रस्थापित संपादक आपलं छापणार नाहीत, तर त्यांच्या दारात उभं कशाला राहायचं? फरक असा की आपली मंडळी कविता आणि साहित्य घेऊन बसली, झाइनवाल्यांनी कार्यक्रमांच्या तारखा, झोपायला जागा कुठे मिळेल, पोलिसांनी पकडलं तर काय करायचं, हेही छापलं. बर्कलीच्या ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ने १९८२ पासून २०१९ पर्यंत छापील अंक काढले आणि त्यात जगभरच्या गावांची वार्तापत्रं असायची. इंटरनेट नसताना ब्राझीलच्या पोराला फिनलंडचे बँड माहीत असायचे ते असे.

१०. पूर्व जर्मनीत पंक चर्चमध्ये का वाजवायचे? ते तर नास्तिक ना?

हा माझा आवडता प्रश्न.

पूर्व जर्मनीत जाहीर कार्यक्रम करायला सरकारी परवाना लागे. समितीसमोर वाजवून दाखवायचं, गाण्याचे शब्द तपासून घ्यायचे, मग तुमची श्रेणी ठरणार. ‘भविष्यच नाही’ ही लंडनच्या पोरांची ओरड होती. पूर्व बर्लिनच्या पोरांचं रडगाणं नेमकं उलटं: भविष्य फार आहे, जन्मापासून निवृत्तीपर्यंत सगळं कुणीतरी ठरवून ठेवलंय. परवाना मिळणं शक्यच नव्हतं. आणि राज्याच्या हाताबाहेरची अशी एकच छप्पर असलेली जागा उरली होती, प्रोटेस्टंट चर्च. काही पाद्र्यांनी भरकटलेल्या तरुणांसाठी दारं उघडी ठेवली होती. १९८३ मध्ये हाले शहरातल्या चर्चमध्ये देशभरचे पंक जमले.

त्याच वर्षी गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या मंत्र्याने पंकना कडक हाताळा असा आदेश दिला. नामेनलोस, म्हणजे ‘बेनाम’, या बँडची पोरं-पोरी गाण्यांच्या शब्दांपायी तुरुंगात गेली. बाकीच्यांना सैन्यात पाठवलं, देशाबाहेर ढकललं. भिंत पडल्यावर फायली उघडल्या तेव्हा कळलं की काही बँडमधले वाजवणारेच खबरे होते. शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं गिटार वाजवणारा संध्याकाळी अहवाल लिहीत होता. हे वाचल्यापासून ‘पंक म्हणजे श्रीमंत देशातल्या पोरांचे लाड’ असं कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही, हाले शहराचं नाव सांगतो.

११. इंडोनेशियात इतके पंक कसे?

सुहार्तोंच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत तिथे गरीब, रस्त्यावरच्या पोरांनी पंक उचललं आणि ते तिथलंच झालं. इलेक्ट्रिक गिटार परवडत नाही, मग छोटी उकुलेले घेऊन बसमध्ये चढायचं, गायचं, पैसे मागायचे. जकार्तामधल्या मार्जिनल या बँडच्या घरी, तारिंग बाबी म्हणतात त्याला, अशा पोरांना वाजवायला आणि लाकडी ठशांवरून चित्रं छापायला शिकवतात.

डिसेंबर २०११ मध्ये बांदा आचे इथे अनाथांसाठी निधी गोळा करायच्या कार्यक्रमातून पोलिसांनी साठेक पंकना उचललं, सगळ्यांची डोकी भादरली, तळ्यात बुचकळून काढलं आणि ‘सुधारण्यासाठी’ पोलिस प्रशिक्षण केंद्रात दहा दिवस ठेवलं. गुन्हा कुठलाच नोंदवला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुकातानी या बँडच्या दोघांनी, जे एरवी चेहरा झाकून गातात, पोलिसांच्या चिरीमिरीवरच्या गाण्याबद्दल उघड्या चेहऱ्याने माफी मागितली आणि गाणं मागे घेतलं. मग व्हायचं तेच झालं: विद्यार्थ्यांच्या मोर्चांत ते गाणं स्पीकरवर वाजू लागलं.

१२. पंक समाजसेवा करतात हे ऐकून हसू आलं. खरंच?

हसा, पण म्यानमारमधल्या यांगूनला रात्री जेवण वाटणारे हेच. रिबेल रायट हा बँड २००७ च्या भिक्खूंच्या आंदोलनानंतर निघाला आणि त्यांनी ‘फूड नॉट बॉम्ब्स’ची शाखा सुरू केली. ही मूळ कल्पना १९८० मधली, अमेरिकेतल्या केंब्रिजची: वाया जाणारं अन्न गोळा करा, शिजवा, रस्त्यावर फुकट वाढा. लंगरची पंगत, फक्त वाढप्यांचे केस हिरवे.

१३. स्किनहेड म्हणजे नाझीच ना? आणि स्वस्तिकाचा काय घोळ आहे?

पहिले स्किनहेड १९६० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या कामगार वस्त्यांत निघाले, जमैकन पोरांबरोबर जमैकन गाण्यांवर नाचणारे. वंशवादी पक्ष त्यांच्यात नंतर घुसले. त्याला विरोध म्हणून १९८७ मध्ये न्यूयॉर्कला शार्प ही वंशवादविरोधी स्किनहेडांची संघटना झाली. त्यामुळे नुसत्या टकलावरून ठरवू नका.

१९७६ मध्ये लंडनच्या काही पंकनी नाझी चिन्ह घातलं, वडीलधाऱ्यांना डिवचायला. मला ते तेव्हाही पोरकट वाटलं असतं. दोनच वर्षांत, ३० एप्रिल १९७८ ला, ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’च्या व्हिक्टोरिया पार्कातल्या सभेत क्लॅश, स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स एकाच मंचावर होते, आणि प्रश्न बऱ्यापैकी निकालात निघाला.

आता अपवाद. जर्मनीत नाझी चिन्हावर कायद्याने बंदी आहे, पण चिन्हावर काट मारलेला नाझीविरोधी बिल्ला? एका पंक दुकानदाराला खालच्या कोर्टाने त्यासाठीही दंड केला होता. मार्च २००७ मध्ये वरच्या कोर्टाने तो रद्द केला: विरोध स्पष्ट दिसत असेल तर गुन्हा नाही. आणि तुमच्यापैकी जे तिकडे शिकायला आहेत त्यांच्यासाठी: आजीने दिलेलं स्वस्तिकाचं लॉकेट शर्टाच्या आत ठेवा. बर्लिनच्या कार्यक्रमात दारात उभं राहून देवघर समजावून सांगायला वेळ मिळत नाही.

१४. मोठ्या कंपनीशी करार केला की पंक संपलं?

जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने सीबीएसशी करार केला तेव्हाच काहींनी पंकचं तेरावं घातलं. बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांनी चालवलेल्या जागेचा (१९८६ पासून, दारू नाही) नियमच होता की मोठ्या कंपनीच्या बँडला इथे मंच नाही. तिथेच वाढलेल्या ग्रीन डेने करार केला आणि दार बंद झालं. २०१५ मध्ये मदतनिधीच्या एका कार्यक्रमासाठी ते परत तिथे वाजवून गेले. मी स्वतः दोन्ही बाजूंनी भांडलो आहे, समोर कोण आहे त्यावर.

१५. मुंबई-पुण्यात पंक आहे का?

थोडं, पण आहे. मुंबईत द रायट पेडलर्स आणि द लाइटइयर्स एक्स्प्लोड ही नावं शोधा. मेटलचं पीक आपल्याकडे कायम जास्त. जागांचं भाडं आणि रात्री दहाचा नियम हे इथले खरे शत्रू, श्टाझी वगैरे नंतर. मराठीतून पंक गाणारा बँड कुठे असेल तर कळवा, ही विनंती समजा.

१६. मुलगी (वय १६) जुन्या जाकिटावर रात्र रात्र ठिगळं शिवत बसते. काळजी करू का?

दहावीचं वर्ष संपलं असेल तर नका करू. शिवू द्या, फक्त दोरा बदला. साधा दोरा महिन्यात तुटतो. जगभरचे पंक दात साफ करायचा फ्लॉस वापरतात, मेणाचा, तो ओढला तरी तुटत नाही. सुई जाड लागेल, गोधडीची चालेल. बोटात अंगुस्तान (शिंप्याची टोपी) घालून सुई रेटायची, नाहीतर डेनिममधून ती जात नाही. आणि जाकीट धुवायला टाकाल तेव्हा आधी उलटं करा आणि पिना काढा. आमच्या मशीनच्या ड्रममध्ये एक अजून अडकलेली आहे.